मिरकरवाड्यासमोरची खचलेली जमीन

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून लाँच सुटली की भगवती किल्ल्याचा डोंगर मागे पडतो आणि पाण्याचा हिशेब वावांत सुरू होतो. दहा वाव, वीस वाव, मग तीस. तळ सावकाश उतरत जातो, एकदम खोल कडा कुठे लागत नाही. पण त्या तळाच्या गाळाखाली, आणखी पश्चिमेकडे, एके काळची सलग जमीन तुटून तिचे तुकडे खचले आहेत. शाळेत शिकलेला प्रस्तरभंग बघायला हिमालयात जायची गरज नाही.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, सेशेल्सही अलग होऊ लागलं. भूकवच ताणलं गेलं, पातळ झालं, फाटलं. ताणाने खडक तुटतो तेव्हा तिरक्या भेगेच्या वरचा भाग खाली घसरतो. हा सामान्य प्रस्तरभंग. तेलासाठी समुद्रतळाची पाहणी झाली तेव्हा असे खचलेले खळगे आणि त्यांच्यामध्ये उंच राहिलेले ठोकळे उघड झाले. मुंबई हायचं तेलक्षेत्र असाच एक उंच राहिलेला ठोकळा.

सह्याद्रीचा कडा म्हणजेच ती फाटलेली कड, असं कोकणात सर्रास सांगितलं जातं. ते खरं मानू नये. पाऊस आणि नद्यांनी कुरतडत हा कडा कोट्यवधी वर्षांत पूर्वेकडे मागे रेटला आहे. मूळ तुटीचा माग कोकणातल्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, अधिक लागतो. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे: हे झरे उत्तर-दक्षिण ओळीने येतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि भेगांच्याच वाटेने वर येतं.

दाबाची गोष्ट वेगळी. भारताची भूपट्टी आजही दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेला सरकत आशियाला रेटते आहे आणि तो रेटा पार मराठवाड्यापर्यंत जाणवतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात खडकाचा वरचा भाग खालच्या भागावर चढला. हा उलटा प्रस्तरभंग. जमिनीवर उमटलेला उंचवटा अगदी किरकोळ होता, तरी दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. या भागाला भूकंपाचा धोका नाही, असाच तोवर समज होता. तो समज फार महाग पडला.

तिसरा प्रकार रत्नागिरीकरांच्या घाटमाथ्यावरच आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेत ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा भेगेच्या दोन बाजू मुख्यतः आडव्या, एकमेकींना घासत सरकल्या. त्याआधी काही वर्षांपासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला होता. धरणाने भेग निर्माण केली नाही. ती आधीपासून होती, तिच्यावर ताणही साठलेला होता. जलाशयाचं वजन पडलं, पाणी झिरपून खडकातल्या छिद्रांतला दाब वाढला आणि भेगेच्या दोन बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी पडलं, असं शास्त्रज्ञ मानतात. धक्के अजून थांबलेले नाहीत. म्हणून कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं: सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा बेसाल्ट, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक.