तळ्याकाठी दोन रात्री, आणि आईलाही सुट्टी!

मैत्रिणींनो, नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो, 'यंदा कुठं जायचं?' आपल्या यवतमाळकडे टिपेश्वरचं जंगल आहे, पुसदला पूस धरणाचं पाणी आहे. पण जंगल आणि तळं एकत्र हवं असेल, तर गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जा.

डोंगरांच्या कुशीतला हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडाच! भोवतालचं जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ साली व्याघ्र प्रकल्पात आलं. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षीही इथे उतरतात. नागपूर, भंडारा, साकोलीवरून रस्ता आहे. प्रवासाला जवळजवळ एक दिवस धरा.

आता महत्त्वाचं. अशा सहलीत मुलं हुंदडतात, यजमान दुर्बीण घेऊन बसतात आणि आई स्टोव्हपुढे! घरची चूल उचलून तळ्याकाठी मांडायची, तर एवढा खर्च कशाला? म्हणून आठ दिवस आधीच कामं वाटून टाका.

मुक्कामाची सोय यजमानांकडे. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात तंबू ठोकता येत नाही, तेव्हा नेमून दिलेल्या जागीच राहायचं. मात्र संडास किती लांब, रात्री दिवा असतो का, दार आतून लागतं का, हे तुम्ही स्वतः विचारा. संकोच नको. आपल्या आणि वयात आलेल्या मुलीच्या पाळीची तारीखही आधी पाहून ठेवा.

फराळ घरूनच न्यावा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, जवसाची चटणी, चिवडा, गूळ-शेंगदाणे. रात्री एकदाच गरम खिचडी, आणि तीही बाकीच्यांनी करायची. डाळ-तांदूळ, हळद-मीठ मोजून एका डब्यात भरून दिलं, की कुणालाही जमते. भांडी मुलांनी घासावीत.

अंथरूण जमिनीवर घालू नका. मण्यार रात्री झोपेतच चावतो. खाट किंवा चेन लागणारा तंबू बरा. जोडे झटकून घालावेत, मच्छरदाणी विसरू नये. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. माणसाला हालू न देता थेट दवाखाना गाठावा.

आणि पाणी! वरून शांत दिसणाऱ्या तळ्यात गाळ आणि वेली असतात. पोहणाराही त्यात अडकतो. मुलं काठावर असतील तेव्हा कोणी लक्ष ठेवायचं, याची तासातासाची पाळी लावा. 'सगळे आहेत ना' म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं!

कामांचा कागद स्वयंपाकघरात लावून ठेवा. त्यात तुमच्या नावापुढे एक सकाळ मात्र कोरी सोडा. नुसतं काठावर बसून पाणी पाहायला.