अण्णांचा दोर

अण्णांच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने एकच शब्द धरून ठेवला होता : धाडसी. एसटीच्या आगारात मेकॅनिक, पण रजा मिळाली की स्वारी डोंगरात. शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर ही नावं आम्हा जुन्नरच्या पोरांना पाढ्यांआधी पाठ झाली ती त्यांच्यामुळे. ते सगळं खरंच. पण पाहुणे पांगल्यावर माळ्यावरून दोराचं वेटोळं खाली काढलं, तेव्हा मला त्या शब्दाचं हसू आलं.

दोर त्यांनीच वळलेला. आमच्याकडे बांधाला घायपात असते, पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा. पाऊस ओसरला की अण्णा पानं कापून आणत आणि ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवत. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या अंगाला असा काही वास येई, की आई त्यांचं ताट ओट्यावरच मांडायची. मग ती पानं फळीवर ठेवून मोगरीने बडवायची, गर धुऊन काढायचा. उरतो तो पांढरा, चमकदार वाख. रस लागला की हात चार दिवस खाजत राहतात.

मोडक्या सायकलच्या पायंडलाला त्यांनी आकडा जोडला होता. मी पायंडल फिरवायचं आणि अण्णांनी वाख सोडत मागे मागे सरकायचं, अंगणातून थेट गोठ्यापर्यंत. माझा हात ढिला पडला की तिकडून हाक यायची, "पोरी, पीळ मोडू नको!" तीन पेड उजवीकडे पिळून झाले की तिन्ही मिळून डावीकडे वळायचे. उलट का, असं विचारलं तर तोंडाने सांगितलं नाही. दोन पेड माझ्या मुठीत दिले आणि म्हणाले, "आता सोड." प्रत्येक पेड आपला पीळ उलगडायला बघत होता आणि त्याच ओढीने दोघं एकमेकांना आणखी आवळत होते.

तयार दोर आंब्याच्या फांदीला बांधून अण्णा स्वतः लोंबकळून बघत. पण कड्यावर त्याच्या भरवशावर माणूस कधी सोडला नाही. "याच्यावर सामान, माणूस नायलॉनवर." घायपात भिजते, वाळते, पुन्हा भिजते आणि वरून धड दिसत असतानाच आतून कुजते, हे त्यांचं ठाम मत. नायलॉनचा दोरही प्रत्येक वेळी वीत-वीत करून बोटांखालून जायचा. त्या तपासणीचा मला भयंकर कंटाळा यायचा.

मी नववीत असताना नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करायचं ठरलं. कोकणातल्या बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतल्या घळीने वर जाणारी ही वाट, सगळी धोंड्यांची. रात्री अवकाळी सर येऊन गेली. सकाळी घळीच्या तोंडाशी अण्णा नुसते कान देऊन उभे राहिले. वरून एक खडा टणटणत आला. थोड्या वेळाने दुसरा. "चला, माघारी." मी रडले, मग दोन दिवस अबोला धरला. त्या दिवशी पुढे दरड-बिरड काही कोसळली नाही, उलट लख्ख ऊन पडलं. राग धरायला मला जागाच जागा होती.

पुढच्या भाद्रपदात खिरेश्वरहून, टोलार खिंडीच्या सरळ वाटेने, आम्ही १,४२४ मीटर उंचीच्या त्या गडावर गेलो. रात्री देवळाजवळच्या गुहेत झोपलो. सकाळी कोकणकड्यावर पोचलो तर दरी ढगांनी काठोकाठ भरलेली. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि आपली सावली समोरच्या ढगावर पडते. त्या सावलीभोवती अख्खं गोल इंद्रधनुष्य उमटलं होतं. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पाहिलेल्या अशा गोल इंद्रधनुष्यांचं वर्णन १८३५ साली छापून आलं आहे.

मी ओरडले, "माझ्या डोक्याभोवती आहे!" अण्णा म्हणाले, "छे, माझ्या." आम्ही जागा बदलून पाहिल्या, तरी दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम. ढगातल्या थेंबांवरून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत फिरतो, त्यामुळे ज्याला त्याला ते कडं आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं, हे पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी मात्र भांडण मिटलं नाही, आणि तेवढ्यात ढग हलले.

माळ्यावरचा दोर मी आंब्याला बांधून ओढून पाहिला. घट्ट लागला. तरी एका जागी पीळ उलगडला, तर पेडांच्या आत तपकिरी भुगा. दुसऱ्या टोकाकडचा आठ-नऊ हात तुकडा बरा निघाला. तो कापून घेतला, दोन्ही टोकांना निरगाठी मारल्या आणि कपडे वाळत घालायला परसात बांधला.