आकाशातला गाडीवान

रात्रीच्या वाटेवर गाडीवानाला पेंग आली, तरी पूर्वी कोणी फारशी काळजी करीत नसे. बैल शहाणे, ते गाडी बरोबर घरापाशी आणून उभी करीत. विमानातही असा एक बैल असतो. त्याचे नाव ऑटोपायलट. ठरल्या उंचीवर, ठरल्या दिशेने तो तासन्‌तास विमान नेतो. परंतु उतरायची घटका आली की कासरा बहुधा माणसालाच हाती घ्यावा लागतो. आणि तेव्हा तो माणूस पुरता जागा असावा लागतो.

२२ मे २०१० च्या सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ दगावले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. वैमानिकांच्या कक्षातील ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाचे घोरणे ऐकू आले! दीड तासाहून अधिक काळ तो झोपला होता. विमान फार उंचावरून येत आहे हे पाहून सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ सुचविले. नुकत्याच जागे झालेल्या त्या अनुभवी माणसाने मात्र विमान तसेच खाली नेले.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की, उड्डाणापूर्वी त्याला नियमाप्रमाणे विश्रांती मिळालेली होती. म्हणजे नुसते तास मोजून भागत नाही. रात्रही मोजावी लागते. पहाटे दोन ते सहा ही शरीराच्या ओहोटीची वेळ. सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. आणि झिंगलेल्याप्रमाणे थकलेलाही म्हणतो, “मला काही झालेले नाही!”

म्हणूनच सारा भार वैमानिकाच्या ‘नाही’वर टाकता येत नाही. ड्यूटीचा तक्ता आखते कंपनी. नियमाची कमाल मर्यादा हीच तिने रोजची मजल मानली, तर नोकरीची चिंता असलेला माणूस किती वेळा नकार देणार?

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नियम कडक केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली. रात्रपाळीतील लँडिंगे सहावरून दोनवर आणली. २०२५ मध्ये ते दोन टप्प्यांत लागू झाले आणि डिसेंबरात वैमानिक अपुरे पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. प्रवाशांची अडचण मिटली. पण त्या रात्री जागायचे कोणी, तर वैमानिकांनीच!

वैमानिकाच्या हाती मग काय उरते? एक साधी गोष्ट. थकवा आला असेल तर ‘आजारी’ म्हणून रजा टाकू नये. ‘थकलो आहे’ असेच लेखी कळवावे. थकव्याच्या तक्रारींचा अहवाल कंपनीने दर तिमाहीस महासंचालनालयाला द्यायचा असतो. आजारपणाच्या नावाखाली तो थकवा गडप होतो आणि तक्ता होता तसाच राहतो.

आणि आपण प्रवाशांनी? वैमानिक बदलावा लागल्यामुळे विमानास उशीर झाला, तर थोडे कमी चरफडावे. कोणीतरी वेळीच ‘आज नाही’ म्हटले असेल. ते आपल्याचसाठी.