मोटारीचा पाठीमागचा डोळा

मोटार पुढे हाकताना चालकास समोरचा रस्ता दिसतो. परंतु तीच मागे घेताना तिच्या लगतची जमीन त्यास मुळीच दिसत नाही. आरसे तीन असले तरी मागील काचेच्या खालचा भाग त्यांच्या कक्षेत नीट येत नाही, आणि दोन वर्षांच्या बालकाची उंची तेवढीच असते. एकत्र कुटुंबाच्या अंगणात मुले खेळत असतात व चालक बहुधा घरचाच मनुष्य असतो. म्हणून हा विषय केवळ सोयीचा नव्हे, असे आम्ही समजतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ २००२ साली एका पित्याने मोटार मागे घेतली असता त्याचेच दोन वर्षांचे मूल तिच्याखाली सापडून दगावले. त्या शोकातून पुढे कायदा झाला, व मे २०१८ पासून तेथील नव्या हलक्या मोटारींस पाठीमागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस मागील अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर आवश्यक ठरले. त्यापूर्वीच्या पुष्कळ मोटारींत मात्र काहीच नसते. अशांस थोडक्या खर्चात हा डोळा बसविता येतो.

बाजारात लहानसा कॅमेरा, छोटा पडदा व त्यांस जोडणारी लांब तार मिळते. कॅमेरा पाण्यापासून सुरक्षित व १२ व्होल्टांचा असावा. प्रथम सर्व साहित्य जोडून चित्र उमटते की नाही हे पाहावे. मगच बॅटरीची ऋण तार सोडवून कामास लागावे. कॅमेरा नंबरपट्टीच्या वर, मध्यभागी बसवावा. नंबर झाकू नये. त्याची तांबडी तार मागच्या पांढऱ्या रिव्हर्स दिव्याच्या धन तारेस व काळी मोटारीच्या उघड्या धातूस जोडावी. म्हणजे गिअर मागे पडताच कॅमेरा जागा होतो. चित्राची तार दाराच्या उंबऱ्याखालील पट्टीतून पुढे न्यावी, आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे घालावे. अन्यथा धार लागून ती कापली जाते. पडद्यास वीज फ्यूज असलेल्या तारेतूनच द्यावी. ज्या मोटारींचे दिवे संगणकाच्या हाती असतात, किंवा ज्यांची हमी अद्याप चालू आहे, त्यांचे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.

त्यानंतरची परीक्षा महत्त्वाची. डावीकडे उभा मनुष्य पडद्यावर डावीकडेच दिसला पाहिजे. तसे नसल्यास चित्र उलटविण्याची सोय वापरावी. रुंद भिंगामुळे वस्तू आहे त्याहून दूर भासते. सबब जमिनीवर खडूने एक व दोन मीटरांवर रेघा ओढून, तेथे बादली ठेवून, ती पडद्यावर कोठे दिसते हे घरातील प्रत्येक चालकाने ध्यानी ठेवावे. पावसाळ्यात भिंगावर चिखल बसतो. तो रोज पुसावा.

मात्र पडदा आहे म्हणून सावधपणास सुट्टी देऊ नये. बाजूने धावत येणारे मूल कॅमेऱ्यास ऐन वेळीच दिसते. यास्तव मोटार हलण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी घालावी व मुलांचा हात कोणीतरी वडील माणसाने धरावा, हा घरचा नियमच असावा. पंचतंत्रातील अनागतविधाता नामक मत्स्य संकट येण्यापूर्वीच जलाशय सोडून गेला म्हणून वाचला. गृहस्थानेही त्याचेच अनुकरण करणे इष्ट होय.