फ्रिजमधले ५० ग्रॅम

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरला पारा पंचेचाळिशीकडे सरकला, की फ्रिजच्या मेकॅनिकला उसंत नसते. झळा नकोत म्हणून घरोघरी दारं-खिडक्या लावलेल्या, आणि दुरुस्तीही त्याच बंद खोलीत. मला काळजी वाटते ती इथेच.

आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या गॅसचा हा भाऊबंद. पण याच्यात वासाचं रसायन नसतं, त्यामुळे गळला तरी नाकाला कळत नाही. जुना आर-१२ ओझोनचा थर पोखरत होता. मग आलेल्या आर-१३४ए मुळे ओझोन वाचला, पण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो. १९९३ मध्ये जर्मनीत आयसोब्युटेनसारख्या हायड्रोकार्बनवरचे फ्रिज कारखान्यातून निघू लागले. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेजने ही वाट लवकर धरली.

आता हिशेब. फ्रिजमध्ये गॅस साधारण ५० ग्रॅम. एका घनमीटर हवेत सुमारे ४३ ग्रॅम जमला, तरच तो ठिणगीने पेटतो. दहा बाय दहाच्या खोलीत सगळा सारखा पसरला, तर घनमीटरला जेमतेम २ ग्रॅम भरेल. पण हा गॅस हवेच्या दुप्पट जड. पसरण्याआधी तो फरशीलगत, फ्रिजमागच्या कोपऱ्यात साचतो. गळती फ्रिजच्या आत असेल, तर १९० लिटरच्या बंद कपाटात ८-९ ग्रॅमही पुरतात. म्हणून गळतीची शंका येताच आधी दारं-खिडक्या उघडाव्यात. फ्रिजच्या बटणाला हात त्यानंतरच, कारण ते बंद करतानाही ठिणगी पडते.

सगळ्यात घातक सवय म्हणजे गॅस सोडला की लगेच नळ्या जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवणं. कंप्रेसरच्या तेलात आयसोब्युटेन मुरलेला असतो. तेल तापलं की तो पुन्हा बाहेर येतो. गॅस लांब पाइपने उघड्यावर सोडावा, व्हॅक्यूम ओढून कोरडा नायट्रोजन फिरवावा, नळी कटरनेच कापावी. दाबून बसवायची लॉकरिंग वापरली, तर जोडाला ज्योत लागतच नाही.

आणखी एक खोच आहे. फ्रिज चालू असताना थंड बाजूचा दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तिथल्या भोकातून गॅस बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, साबणाचा फेस फुगत नाही. गळती शोधायची ती फ्रिज बंद ठेवून, नायट्रोजनचा दाब भरून. नवा गॅस काट्यावर तोलून, पट्टीवर लिहिलाय तेवढाच भरावा. आणि आर-१३४ए च्या जुन्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन कधीच भरू नये. त्यातले रिले आणि थर्मोस्टॅट जळणाऱ्या गॅससाठी बनवलेले नसतात.