कडेवरून कळणारी गिरकी

कृष्णविवर स्वतःभोवती फिरतं, हे ओळखायचं कसं? त्याला पृष्ठभाग नाही, त्यावर डाग नाही, नजर ठेवावी अशी एकही खूण नाही. तरीही फेब्रुवारी 2013 मध्ये ग्विदो रिसालिती आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये आकडा मांडला: एनजीसी 1365 या दीर्घिकेच्या मध्यावरचं महाकाय कृष्णविवर कमाल शक्य गिरकीच्या निदान 84 टक्के गिरकीनं फिरतं आहे. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे 6 कोटी प्रकाशवर्षं दूर आहे आणि कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे 20 लाख सूर्यांएवढं.

खरं म्हणजे मोजलं गेलं ते अंतर. कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरत असते. एका मर्यादेच्या आत वायूला स्थिर कक्षा मिळत नाही, तो थेट आत कोसळतो. न फिरणाऱ्या एवढ्याच वजनाच्या कृष्णविवरासाठी ही मर्यादा येते सुमारे 1 कोटी 80 लाख किलोमीटरवर. पण फिरणारं कृष्णविवर भोवतालच्या अवकाशालाच आपल्यासोबत ओढतं. त्यामुळे त्याच दिशेनं फिरणारी तबकडी पुष्कळ जवळ टिकते. 84 टक्क्यांना ती कड 80 लाख किलोमीटरच्या आसपास येते.

इतक्या दुरून ही कड दिसणार नाही, पण तिथलं लोखंड बोलतं. तबकडीलगतच्या अतितप्त प्रभामंडलातून क्ष-किरण तबकडीवर पडतात आणि तिथले लोहाचे अणू 6.4 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टची ठरावीक वर्णरेषा परत फेकतात. वायूच्या प्रचंड वेगामुळे ती दोन्ही बाजूंना ताणली जाते. त्यात गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना किरणांची ऊर्जा खर्च होते. मग ओल्या कागदावर शाई फुटावी तशी रेषा कमी ऊर्जेकडे पसरते. कड जितकी जवळ, तितकी ही शेपटी लांब.

अशी पसरलेली रेषा जपानच्या ‘अ‍ॅस्का’ उपग्रहानं एमसीजी-6-30-15 या दीर्घिकेत टिपली, त्याचा शोधनिबंध 1995 मध्ये आला. पण शंकेखोरही गप्प बसले नाहीत, आणि त्यांची शंका वाजवी होती: वाटेतले वायूचे ढग काही किरण गिळून असाच आकार दाखवत असतील तर? कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांवरून हा तंटा सुटेना. 2012 मध्ये झेपावलेली ‘नूस्टार’ दुर्बीण 79 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पाहते. तिनं युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’सोबत एनजीसी 1365 कडे पाहिलं, तेव्हा फक्त ढगांवर भिस्त ठेवायची तर कृष्णविवराचं मूळ तेज अविश्वसनीय इतकं मोठं मानावं लागलं.

या सगळ्या हिशेबामागे एक गृहीतक आहे: तबकडी खरोखर त्या शेवटच्या कडेपर्यंत पोहोचते आणि आत कोसळणारा वायू फारशी भर घालत नाही. उज्ज्वल तबकड्यांसाठी ते पटतं, पण ते गृहीतकच.

एवढा खटाटोप कशासाठी? गिरकीत कृष्णविवराच्या वाढीचा इतिहास मुरलेला असतो. एकाच दिशेनं दीर्घकाळ वायू येत राहिला तर वेग वाढतो, चहूबाजूंनी फुटकळ घास आले तर वेग कमीच राहतो. आजवर मोजलेल्यांपैकी बरीच वेगवान निघाली, पण त्यावरून सगळीच तशी म्हणणं घाईचं. न फिरणारं कृष्णविवर आत पडणाऱ्या वस्तुमानाच्या सुमारे 6 टक्क्यांचंच ऊर्जेत रूपांतर होऊ देतं, सर्वांत वेगवान मात्र 30 टक्क्यांहून अधिक. वायू तेवढाच, पण उजेड पाचपट. साहजिकच दुर्बिणींच्या यादीत वेगवानांचीच गर्दी होते.