क्षमा नसलेले पाप

खून, व्यभिचार, चोरी, धर्मत्याग. यांतल्या कशालाही ख्रिस्ती धर्म कायमची माफी नाकारत नाही. दावीद राजाने आपल्याच एका सैनिकाची बायको घेतली आणि त्या सैनिकाला लढाईत पुढे घालून मारवले. बायबलमध्ये त्यालाही क्षमा मिळते. (शिक्षा चुकत नाही. क्षमा आणि शिक्षा या दोन गोष्टी आहेत, हे पुढेही लक्षात ठेवावे लागेल.) येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराला तर मरता मरता, एका विनंतीवर क्षमा मिळाली. तरीही एका पापाला क्षमा नाही, असे सांगणारा येशूच आहे, हे ऐकले की माणूस चमकतो.

ते बोलणे मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आले आहे. येशू भुते काढतो, आजाऱ्यांना बरे करतो, गर्दी जमते. यरुशलेमहून आलेले शास्त्री म्हणतात, याला बालजबूल लागला आहे, भुतांच्या सरदाराच्या जोरावरच हा भुते काढतो. येशू आधी तर्काने उत्तर देतो: सैतानच सैतानाला हाकलू लागला तर त्याचे राज्य टिकणार कसे? मग तो बजावतो, की बाकी सगळ्याची क्षमा होईल, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची होणार नाही. हे येशू का बोलला याचे कारण मार्क लगेच देतो: त्याच्या अंगात अशुद्ध आत्मा आहे, असे ते शास्त्री म्हणत होते.

माझ्या मते सगळा अर्थ या खुलाशावर उभा आहे. रागाच्या भरात निघालेल्या शिवीचा हा प्रश्न नाही. मत्तय आणि लूक तर सांगतात की खुद्द येशूविरुद्ध बोलणाऱ्यालाही क्षमा आहे. शास्त्र्यांच्या डोळ्यांदेखत चांगले काम झाले होते, आणि ते सैतानाचे आहे असे त्यांनी ठरवून टाकले. वैद्यालाच विष घालणारा ठरवल्यावर औषध पोटात जाणार कसे?

पहिल्या काही शतकांतल्या मंडळ्यांना मात्र हा प्रश्न ग्रंथातून पडला नाही, तो दारात येऊन उभा राहिला. इ. स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला: साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवांना बळी किंवा धूप अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत यांतले चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, वय, आपण नेहमीच देवांची भक्ती करत आलो असे निवेदन, खाली साक्षीदाराची सही. मजकूर इतका ठरीव, की आजच्या तहसील कचेरीतल्या छापील अर्जाची आठवण व्हावी. काही ख्रिस्ती तुरुंगात गेले, काही मेले. पुष्कळांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला.

वर्षभरात छळ ओसरला आणि हे सगळे परत आले. यांना आत घ्यायचे का? कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे त्याचे आसनही काही स्थिर नव्हते. तुरुंगात गेलेले काही श्रद्धावीर आपल्या अधिकारात माफीच्या चिठ्ठ्या वाटू लागले होते. रोममध्ये नोवेशियनने उलट टोक धरले: श्रद्धा नाकारणाऱ्याने आयुष्यभर पश्चात्ताप करावा, देव काय करील ते करील, पण मंडळीला त्याला परत घेण्याचा अधिकार नाही. प्रकाश एकदा पाहून मागे फिरलेल्यांविषयी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जे कडक शब्द आहेत, ते या बाजूच्या कामी आले.

इ. स. 251 मध्ये कार्थेजला बिशपांची सभा भरली आणि तिने मधला, जरा क्लिष्ट तोडगा काढला. नुसता दाखला घेतलेल्यांचे प्रकरण एकेक तपासून त्यांना परत घ्यावे. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहावे, त्यांना मरणशय्येवर सामावून घ्यावे. पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच दार उघडले. पुन्हा छळाला तोंड द्यायचे तर या लोकांना पवित्र भोजनाशिवाय पाठवायचे कसे, हा सिप्रियनचा विचार होता. इ. स. 258 मध्ये त्याचा स्वतःचाही शिरच्छेद झाला. नोवेशियनचा पंथ टिकून राहिला. 325 च्या नायसिया परिषदेने ठरवले, की त्या पंथाच्या धर्मगुरूंना परत यायचे असेल तर अशा पतितांशी सहभागिता ठेवू, असे त्यांनी लेखी द्यावे.

माफी मिळू लागली, तरी ती सहज नव्हती. त्या काळी बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापासाठी जाहीर प्रायश्चित्त असे, तेही आयुष्यात एकदाच. मग लोकांनी हिशेब केला आणि बाप्तिस्माच लांबवला. सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 मध्ये, मरणाच्या जरा आधी, तो घेतला. नियम जितका कडक, तितकी पळवाट हुशार.

यातून बाहेर काढणारी मांडणी ऑगस्टीनची. त्याने मार्कमधल्या त्या पापाचा अर्थ लावला तो असा: शेवटच्या श्वासापर्यंत क्षमा नाकारत राहणे. म्हणजे माणूस जिवंत आहे तोवर हे पाप पुरे झाले, असे कोणी म्हणू शकत नाही. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याचे सहा प्रकार नोंदवले, त्यांत निराशाही आहे आणि देव माफ करीलच म्हणून बिनधास्त पाप करणेही आहे. दोन्ही एकाच यादीत, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आज कॅथलिक पापनिवेदनात, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्यात, हीच चौकट चालते. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव, आणि स्वतःहून दिलेली संमती. फादर क्षमा देतात ती पापाचा आकार मोजून नव्हे. खेद आहे का, पुन्हा न करण्याचा निश्चय आहे का, हे ते पाहतात. चोरलेले परत करायची तयारी नसेल, तर किरकोळ चोरीलाही क्षमा अडते. खून कबूल करून खरोखर पस्तावलेल्याला मिळते. ऐकलेले फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही. कोर्टातली शिक्षा मात्र या क्षमेने टळत नाही. आणि ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापाने माफ केले का, हा हिशेबही वेगळाच राहतो. बाहेरच्या माणसाला इथेच सगळ्यात जास्त खुपते, आणि ते खुपणे मला चुकीचे वाटत नाही.

काही पापांविषयी मोठा गैरसमज आहे. पवित्र भाकरीची विटंबना, पापनिवेदनाचे गुपित फोडणे, पोपवर हात टाकणे अशा मोजक्या अपराधांसाठी साध्या फादरांना रोमच्या न्यायपीठाकडून अधिकार आणावा लागतो, तोही नाव न कळवता. ही पापे अक्षम्य नाहीत, त्यांची फाइल फक्त वरच्या टेबलावर जाते. मरणाच्या दारात असलेल्याला कोणताही धर्मगुरू क्षमा देऊ शकतो. गर्भपाताच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा अधिकार दिला.

प्रोटेस्टंटांमध्ये पापनिवेदनाची सक्ती नाही, क्षमा थेट देवाकडून, श्रद्धेने. मध्ये कोणी नसल्यामुळे तिथे भीतीला वेगळे रूप आले. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ ही यात्रेकरूची कथा लिहिणाऱ्या जॉन बनियनने 1666 च्या आत्मकथनात लिहिले आहे, की आपल्या हातून तेच एक पाप घडले, या धास्तीने त्याला दीर्घकाळ छळले. अशा माणसाला पाळक बहुधा सांगतात, की तुला भीती वाटते हाच ते पाप न घडल्याचा पुरावा. तर्क बरोबर आहे. पण धास्तावलेले मन तर्काने लगेच निवत नाही, आणि अशा मनाला कधीकधी पाळकाइतकीच डॉक्टरचीही गरज असते.

आत्महत्येबाबत नियम बदलला तो याच जाणिवेने. पश्चात्तापाला वेळच उरत नाही, म्हणून ते क्षमेपलीकडचे, असे शतकानुशतके धरले गेले. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेने जाणूनबुजून जीव दिलेल्याला, पश्चात्तापाची खूण दिसली नसेल तर, धार्मिक दफन नाकारले होते. 1983 च्या संहितेत ती मनाई नाही. गंभीर मानसिक त्रासाने, यातनांच्या भीतीने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांनाही पश्चात्तापाची संधी देण्याच्या वाटा देवाला ठाऊक आहेत, असे आजची अधिकृत धर्मशिकवण सांगते. त्यांच्यासाठी मिस्सा होते. येशूला धरून देऊन मग गळफास घेतलेल्या यहुदाविषयीसुद्धा, तो नरकातच आहे, असा औपचारिक निर्णय कॅथलिक चर्चने आजवर दिलेला नाही.